एक घर, तीन यंत्रे आणि त्यांचा दुभाषी

पूर्वी प्रत्येक घरात कागदपत्रांची एक पेटी असे. घराचे खरेदीखत, विम्याचे कागद, मुलांची प्रगतिपुस्तके, वडीलधाऱ्यांच्या हातची पत्रे असे सारे तीत एकत्र नांदत असे, आणि पेटीची किल्ली कोणाकडे आहे हे घरातील सर्वांस ठाऊक असे. आज ती पेटी संगणकात गेली आहे. संगणक मात्र आता घरात एकच राहिलेला नाही.

समजा, एका कुटुंबात वडिलांचा संगणक विंडोजवर चालतो, सून आपल्या कामासाठी मॅक वापरते आणि अभियांत्रिकीचे शिक्षण घेणाऱ्या धाकट्या मुलाने आपल्या यंत्रावर लिनक्स बसविले आहे. तिन्ही यंत्रे एकाच राउटरला जोडलेली आहेत. वडिलांनी वर्षभर खपून घरातील जुनी छायाचित्रे स्कॅन करून ठेवली आहेत आणि ती सुनेस हवी आहेत. दोन खोल्यांमध्ये अंतर असेल दहा पावलांचे. पण पडद्यावर उमटते ते 'मार्ग सापडला नाही' एवढेच वाक्य.

असे झाले म्हणजे बहुतेक घरांत दोन गोष्टींपैकी एक घडते. एक तर फायली पेन ड्राइव्हवरून इकडून तिकडे नेल्या जातात. मग एकाच हिशेबाच्या चार प्रती होतात आणि त्यांतील शेवटची कोणती हे कोणासच सांगता येत नाही. नाही तर कोणा जाणत्याच्या सल्ल्याने सुरक्षिततेची कुलुपे एकामागून एक काढली जातात. फायली दिसू लागतात, सर्वांस समाधान वाटते, आणि घर मात्र कायमचे उघडे राहते. या दोन्ही वाटा टाळून तिसरी, थोड्या धीराची वाट कोणती, हे आजच्या लेखात पाहू.

भाषा एक, बोली अनेक

संगणकांनी एकमेकांशी कोणत्या क्रमाने व कोणत्या शब्दांत बोलावे याच्या ठरलेल्या नियमांस प्रोटोकॉल म्हणतात. राजनैतिक व्यवहारात या शब्दास 'शिष्टाचार' असा प्रतिशब्द रूढ आहे. येथे मात्र 'भाषा' म्हटले तर अर्थ अधिक जवळचा वाटतो. विंडोजची फायलींच्या देवघेवीची भाषा म्हणजे एसएमबी. तिचा उगम १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आयबीएम कंपनीत, बॅरी फायगेनबॉम यांच्या कामात झाला. पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढविली व विंडोजबरोबर घरोघर पोहोचविली. दुसरीकडे युनिक्सच्या जगासाठी सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये एनएफएस नावाची वेगळी भाषा आणली, तर ॲपलच्या यंत्रांची एएफपी ही आणखी तिसरीच. तीन घराण्यांच्या तीन भाषा, अशी ही मूळ अडचण आहे.

ती दूर करणारा दुभाषी ऑस्ट्रेलियात जन्मला. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत संशोधन करणारे अँड्र्यू ट्रिजेल यांना १९९१ च्या अखेरीस आपल्या डॉसवर चालणाऱ्या संगणकावरून युनिक्स यंत्रावरील फायली हव्या होत्या. भाषेचे व्याकरण त्यांच्या हाती नव्हते. त्यांनी तारेवरून जाणाऱ्या संदेशांचे निरीक्षण केले, कोणत्या प्रश्नास कोणते उत्तर येते हे टिपून ठेवले आणि त्यावरून बोलणे शिकून घेतले. परक्या देशातील उपाहारगृहात बसून, शेजारच्या मेजावरील माणसे काय मागतात व वाढपी काय आणून देतो हे पाहत भाषा शिकावी, तसा हा प्रकार होता. पुढे त्यांनी स्वतःही याच तऱ्हेची उपमा दिली. ज्यांना कोशाविना भाषांतर करावे लागले आहे त्यांना या उद्योगाचे मोल सहज कळेल.

या प्रणालीचे आधीचे नाव दुसऱ्या एका कंपनीच्या व्यापारचिन्हाशी जुळत असल्याने सोडावे लागले. तेव्हा एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने ज्यात येतात असे शब्द शब्दसूचीतून शोधले गेले आणि १९९४ मध्ये 'सांबा' हे नाव पक्के झाले. मराठी कानास ते भोळ्या सांबाचे वाटते. पण हा सांबा मुळीच भोळा नाही, हे पुढे दिसेलच. भाषेचे अधिकृत व्याकरण मिळावे म्हणून सांबाच्या मंडळींना युरोपातील न्यायालयीन लढ्याची मदत झाली. २००७ च्या सप्टेंबरात तेथील न्यायालयाचा निकाल मायक्रोसॉफ्टच्या विरोधात गेला आणि त्याच डिसेंबरात ही कागदपत्रे करारान्वये खुल्या प्रणालींच्या लेखकांस उपलब्ध झाली. २०१३ मध्ये ॲपलनेही मॅकवर एसएमबीच्या दुसऱ्या पिढीस पहिले स्थान दिले. तात्पर्य, आज तिन्ही यंत्रांस एकच भाषा येते. मग अडते कोठे? भाषा एक असली तरी पत्ता, दार, ओळख, परवानगी आणि बोली या पाच ठिकाणी गाडी अडू शकते. दोष शोधताना हाच क्रम ठेवावा.

पत्ता

प्रथम दोन्ही यंत्रे खरोखरच एका जाळ्यात आहेत काय, हे पाहावे. अनेक राउटर पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय देतात. त्यावरील यंत्रास अंतर्जाल मिळते. पण घरातील इतर यंत्रे दिसत नाहीत, कारण ती भिंत मुद्दाम घातलेली असते. एक यंत्र पाहुण्यांच्या वायफायवर आणि दुसरे घरच्या वायफायवर, एवढ्याच कारणाने कित्येक संध्याकाळी वाया जातात.

नंतर दोन्ही यंत्रांचे आयपी पत्ते पाहावेत. घरच्या जाळ्यात ते बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतात. एखाद्या यंत्राचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्यास राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, असे समजावे व तार किंवा वायफाय तपासावे. पत्ते ठीक असतील तर नावाच्या नादी न लागता सरळ पत्त्यावरून जाऊन पाहावे. विंडोजमध्ये फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत डावीकडे झुकलेल्या दोन तिरप्या रेघा, पुढे तो पत्ता, पुन्हा तशीच एक रेघ आणि सामायिक फोल्डरचे नाव लिहावे. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड व के या कळा एकत्र दाबाव्यात. जी चौकट उघडते तीत रोमन लिपीत एसएमबी ही अक्षरे, अपूर्णविराम आणि उजवीकडे झुकलेल्या दोन रेघा लिहून पुढे पत्ता द्यावा. लिनक्सच्या फाइल व्यवस्थापकातही हीच पद्धत चालते.

पत्त्यावरून फोल्डर उघडले पण 'नेटवर्क' या खिडकीत त्या यंत्राचे नाव दिसत नाही, असे झाले तर घाबरण्याचे कारण नाही. शेजारपाजारची यंत्रे आपणहून दाखविण्याची विंडोजची जुनी पद्धत एसएमबीच्या पहिल्या पिढीवर अवलंबून होती आणि ती आता मागे पडली आहे. नवी पद्धत विंडोजची वेगळी आणि मॅकची वेगळी आहे. लिनक्स यंत्राचे नाव विंडोजच्या खिडकीत दिसावे यासाठी त्यावर डब्ल्यूएसडीडी नावाची एक लहानशी सेवा बसवावी लागते. दाराबाहेर नावाची पाटी नसली म्हणजे घरात कोणी राहत नाही, असे होत नाही. राउटर अधूनमधून पत्ते बदलतो. म्हणून ज्या यंत्रावर सामायिक फोल्डर आहे त्याचा पत्ता राउटरच्या मांडणीत कायम करून ठेवावा.

दार आणि पहारा

पत्ता बरोबर असूनही मार्ग सापडत नसेल तर संशय फायरवॉलवर घ्यावा. एसएमबीची ये-जा ४४५ क्रमांकाच्या दारातून होते. विंडोज प्रत्येक नव्या जाळ्यास 'पब्लिक' म्हणजे चव्हाट्यावरचे किंवा 'प्रायव्हेट' म्हणजे घरचे असे मानते, आणि चव्हाट्यावर असताना हे दार बंद ठेवते. रेल्वे स्थानकावरील वायफायसाठी हे योग्यच आहे. घरच्या जाळ्याची नोंद मात्र सेटिंग्जमध्ये जाऊन 'प्रायव्हेट' करावी आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करावे. फायरवॉल संपूर्ण बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. एक दार उघडण्यासाठी भिंत पाडावी लागत नाही. लिनक्सच्या फेडोरासारख्या वितरणांत पहारा आधीपासूनच चालू असतो; तेथे सांबा या सेवेस तेवढी वाट द्यावी. दुसऱ्या यंत्रास हाक मारून पाहण्याची 'पिंग' ही आज्ञा उपयोगी खरी, परंतु पहारा कडक असल्यास विंडोज पिंगला उत्तर देत नाही. म्हणून उत्तर आले तर वाट आहे हे निश्चित. न आले तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

ओळख

यंत्र नाव व परवलीचा शब्द विचारते आणि दिलेला शब्द नाकारते, अशी स्थिती असेल तर आनंद मानावा. पत्ता आणि दार या दोन पायऱ्या पार झाल्या आहेत. आता पुढील चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे, विंडोज उघडताना आपण जो चार-सहा आकड्यांचा पिन देतो तो परवलीचा शब्द नव्हे. पिन त्या एका यंत्रापुरताच असतो. जाळ्यावरून येणाऱ्यास खात्याचा खरा परवलीचा शब्द द्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टचे खाते वापरत असल्यास नावाच्या जागी ईमेलचा पत्ता द्यावा. वडीलधाऱ्या मंडळींना हा शब्द बहुधा आठवत नाही, कारण तो रोज लागतच नाही. आणि खात्यास परवलीचा शब्दच नसेल तर विंडोज त्या खात्यास जाळ्यावरून मुळीच आत घेत नाही.

दुसरी गोष्ट लिनक्सची. सांबा आपली परवलीची वही वेगळी ठेवतो. यंत्रावर खाते आहे एवढ्याने भागत नाही. 'एसएमबीपासडब्ल्यूडी' या आज्ञेने त्या खात्याची नोंद सांबाच्या वहीतही करावी लागते. तिसरी गोष्ट मॅकची. तेथे 'फाइल शेअरिंग' चालू केल्यावर 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन, विंडोजवरून जो येणार त्याच्या खात्यापुढे स्वतंत्र खूण करावी लागते. ही खूण राहून गेली म्हणजे शब्द बरोबर असूनही दार उघडत नाही.

चौथी गोष्ट जुन्या आठवणींची. विंडोजच्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये पूर्वीचे नाव व शब्द साठवलेले असतात आणि यंत्र तेच पुन्हा पुन्हा पुढे करीत राहते. शब्द बदलला असल्यास तेथील जुनी नोंद पुसावी. तसेच एकाच यंत्राकडे एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जाऊ पाहणाऱ्यास विंडोज अडविते. अशा वेळी आधीची जोडणी तोडून पुन्हा प्रयत्न करावा.

परवानगी

फोल्डर उघडते, फायली वाचता येतात, पण बदल करून ठेवता येत नाही, ही तक्रार सर्वांत अधिक आढळते. येथे दोन परवानग्या एकावर एक असतात, हे लक्षात घ्यावे. एक जाळ्यावरून येणाऱ्यासाठी आणि दुसरी डिस्कवरील फोल्डरची स्वतःची. दोहोंत जी अधिक कडक, ती लागू होते. वाड्याच्या दिंडीदरवाजातून आत येता आले तरी माजघराची कडी लावलेली असावी, तसा हा प्रकार. विंडोजच्या प्रगत पद्धतीने फोल्डर सामायिक केल्यास सर्वांस केवळ वाचण्याचा अधिकार मिळतो. सांबाही स्पष्ट सांगितल्याखेरीज लिहू देत नाही. म्हणून दोन्ही ठिकाणी परवानगी द्यावी. लिनक्समध्ये आणखी एक अट आहे: सामायिक फोल्डरपर्यंत जाणाऱ्या वाटेवरील प्रत्येक फोल्डरमधून त्या खात्यास पुढे जाता आले पाहिजे. कोणाच्या खासगी फोल्डरच्या पोटात सामायिक फोल्डर ठेवण्यापेक्षा त्यास स्वतंत्र जागा द्यावी, म्हणजे ही अडचण उद्भवत नाही. सांबाच्या मांडणीत लेखनदोष असल्यास 'टेस्टपार्म' ही आज्ञा तो दाखवून देते.

जुनी बोली आणि तिचा धोका

आता सर्वांत नाजूक प्रश्न. पत्ता, दार, ओळख आणि परवानगी सारे ठीक. तरीही दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेली साठवणुकीची पेटी नव्या संगणकावर उघडत नाही. याचे कारण बहुधा असे, की त्या पेटीस एसएमबीची पहिली पिढी तेवढी येते. दुसरी पिढी विंडोज व्हिस्टाबरोबर आली, तिसरी २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर. तिच्यात संदेश गुप्त लिपीत पाठविण्याची सोय झाली. जुनी पेटी या नव्या पिढ्यांशी बोलू शकत नाही.

येथेच पहिली पिढी पुन्हा चालू करण्याचा मोह होतो. ती का बंद झाली हे वाचकांनी जरूर जाणून घ्यावे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. तो याच पहिल्या पिढीतील दोषाच्या वाटेने एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाई, फायली गुप्त लिपीत कोंडून टाकी आणि त्या सोडविण्यासाठी पैसे मागे. दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना त्याची झळ पोहोचली. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील अनेक रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. विशेष असे, की या दोषावरील उपाय मायक्रोसॉफ्टने जवळजवळ दोन महिने आधी, १४ मार्चला प्रसिद्ध केला होता. ज्यांनी तो वेळेवर घेतला नाही त्यांना ही शिक्षा भोगावी लागली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून नव्या यंत्रांवर पहिली पिढी आपोआप बसविणे थांबले. २०१९ मध्ये सांबानेही ती मुळात बंद ठेवण्याचे ठरविले.

तेव्हा जुन्या पेटीसाठी उत्पादकाने नवी प्रणाली दिली आहे काय, हे प्रथम पाहावे. नसल्यास पेटीतील सर्व सामग्री एकदाच बाहेर काढावी. पेटीस यूएसबीची जोडणी किंवा ब्राउझरमधून उघडणारे स्वतःचे पान असल्यास त्या मार्गाने. मग पेटीस सन्मानाने निवृत्त करावे. जुन्या पेटीस जागे ठेवण्यासाठी घरातील सर्व यंत्रांचा पहारा सैल करणे, हा हिशेब तोट्याचा आहे.

याच जातीची एक नवी अडचण २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीने निर्माण केली. तिच्या प्रो प्रकारात नाव न सांगता 'पाहुणा' म्हणून सामायिक फोल्डरमध्ये शिरणे मुळात बंद झाले आणि प्रत्येक संदेशावर सही असण्याची अट आली. काल उघडणारे फोल्डर नवी आवृत्ती आल्यावर आज बंद, असे अनेक घरांत झाले. यावर उपाय विंडोजची अट काढणे हा नव्हे. त्या पेटीवर किंवा सांबावर नाव व परवलीचा शब्द असलेले खाते तयार करावे आणि सहीची सोय चालू करावी.

नावांचे घोळ

फायलींच्या नावांचाही एक स्वतंत्र संसार आहे. लिनक्सवर मोठ्या व लहान रोमन अक्षरांत लिहिलेली दोन नावे वेगळी मानली जातात. विंडोजला ती एकच वाटतात. प्रश्नचिन्ह, तारा, अपूर्णविराम आणि दुहेरी अवतरणचिन्ह ही चिन्हे विंडोजच्या नावांत चालत नाहीत. 'हिशेब : मार्च' असे नाव लिनक्सवर बिनतक्रार ठेवता येईल, पण विंडोजवर ते धड उमटणार नाही.

मराठी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. 'दौऱ्याचा खर्च' या नावातील 'ऱ्य' पाहा. यातील 'ऱ' युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा 'र' आणि त्याखालचा नुक्ता असे दोन तुकडे करून. दोन्ही दिसतात सारखेच. मॅकच्या जुन्या डिस्कपद्धतीत नावे तुकडे करून साठविली जात. अशी फाइल जशीच्या तशी लिनक्सवर नेली म्हणजे शेजारी शेजारी एकसारख्या नावाच्या दोन फायली दिसू शकतात, आणि शोध घेता हवी ती सापडत नाही. डोळ्यांस न दिसणारा हा भेद आहे. उपाय एकच, की नाव पुन्हा टंकून द्यावे. मॅकने मागे सोडलेल्या, टिंबाने सुरू होणाऱ्या चिमुकल्या फायली विंडोजवर दिसल्या तर त्यांना विषाणू समजू नये; त्या मॅकच्या स्वतःच्या टिपा असतात.

सामायिक म्हणजे सुरक्षित नव्हे

सारे जुळून आले, तिन्ही यंत्रांवर फोल्डर उघडू लागले, म्हणजे दोन कामे अवश्य करावीत. पहिले हे, की सामायिक फोल्डर कोणत्या यंत्रावर आहे, त्याचा पत्ता काय, कोणास वाचण्याचा व कोणास लिहिण्याचा अधिकार आहे, हे एका कागदावर लिहून कपाटात ठेवावे; परवलीचा शब्द वेगळ्या जागी असावा. ज्याने ही मांडणी केली तो मुलगा शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परगावी गेला म्हणजे घरातील ज्येष्ठांना आपल्याच छायाचित्रांसाठी दूरध्वनीची वाट पाहावी लागू नये.

दुसरे काम अधिक महत्त्वाचे. विंडोजवर जाळ्यावरून उघडलेल्या फोल्डरमधील फाइल पुसली तर ती सामान्यतः रिसायकल बिनमध्ये जात नाही. ती कायमची जाते. ज्या फोल्डरपर्यंत घरातील सर्वांचा हात पोहोचतो तेथे चुकीचा हातही पोहोचतो, आणि वॉनाक्रायसारखा चोरही. म्हणून त्या फोल्डरची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि प्रत घेऊन झाली की ती डिस्क यंत्रापासून सोडवून ठेवावी. महिन्यातून एक ठरावीक वार या कामासाठी नेमला तर ते अंगवळणी पडते. डिस्क कपाटात ठेवण्यापूर्वी तीतील एखादी फाइल उघडून पाहावी; जी प्रत उघडत नाही ती प्रत नसल्यातच जमा.